आच्छादन होतं तरी माती मेली कशी: कोल्हापुरातल्या तीन वाफ्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाग माझी नाही, मैत्रिणीच्या आईची आहे. आमच्या काकू. शाळेतनं रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात घराभोवती वाफे आखून घेतले. त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त नावं आणि नेमका पत्ता देत नाही, रंकाळ्याच्या पलीकडं फुलेवाडीच्या अंगाला घर आहे एवढं पुरे.

वाफे तीन. दोन कंपाउंड वॉलला लागून, प्रत्येकी २५ फूट लांब आणि ३ फूट रुंद, आणि एक गेटजवळ १० बाय ५ चा. म्हणजे सगळे मिळून २०० चौरस फूट. पहिल्या लांब वाफ्यात १४ गुलाब, दुसऱ्यात शेवंती, अबोली, मधे मधे सदाफुली, आणि गेटजवळ मोगरा आणि दोन जास्वंद. माती म्हणाल तर घर बांधताना राहिलेला मुरूम, त्यावर काळ्या मातीची एक ट्रॉली पसरलेली. कोल्हापुरात नव्या घरांच्या बागा बहुतेक अशाच असतात, वर वीतभर काळी आणि खाली काय गाडलंय ते बिल्डरलाच माहीत.

काकूंचं माहेर करवीर तालुक्यातलंच, भावाचा ऊस. त्यामुळं पहिल्या वर्षी मल्चिंगसाठी, म्हणजे मातीवर आच्छादन घालायला, पाचट (उसाचा वाळका पाला) फुकट आलं. रिझल्ट एकदम मस्त. उन्हाळ्यात रोज घालायचं पाणी तीन दिवसांवर गेलं, तण जवळजवळ बंद, भांगलायचं काम संपलं म्हणून काकू खूश. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या आणि पुढचं सगळं रामायण तिथनं सुरू झालं, पण हे आम्हाला फार उशिरा कळलं.

एक म्हणजे जुने माळी मामा गावी गेले आणि नवीन मामा आले. माणूस कष्टाळू, हात स्वच्छ. त्यांनी अर्धवट कुजलेलं जुनं पाचट बघितलं आणि कुदळ घेऊन सगळं मातीत खांदून एकजीव केलं, "मातीत गेलं की खतच हुतंय की ओ बाई." आणि दुसरं म्हणजे त्या वर्षी पाचट मिळालं नाही म्हणून भावानं ओळखीच्या गुऱ्हाळावरनं चिपाडाची, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची, पोती पाठवली. एरवी ते चुलवाणात जळणाला जातं. ते मामांनी वाफ्यांवर चांगलं पाच-सहा इंच जाड अंथरलं, अगदी गुलाबाच्या बुडाला टेकवून.

पाऊस झाला, पावसाळ्यात सगळं हिरवंच दिसतं त्यामुळं कुणाला काही शंका आली नाही.

बिघडलं काय

सप्टेंबरच्या शेवटी गुलाबाची खालची पानं पिवळी पडायला लागली. कळ्या बोराएवढ्या, उमलायच्या आधीच मान टाकायच्या. शेवंती तर वाढायचीच थांबली होती, लावली तेव्हा जेवढी तेवढीच. काकूंचा फोन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला आणि इथं पहिली चूक माझी. मी ऑफिसमधनं निघत होते, गडबडीत म्हटलं, "काकू, कंपोस्ट कमी पडलंय, इंचभर वरून पसरा, होईल नीट." वरून म्हणजे कशाच्या वरून हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी नर्सरीतनं गांडूळखताची चार पोती आणली आणि मामांनी ती चिपाडावर पसरली.

डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष गेले तेव्हा बघितलं तर चिपाडावरचं गांडूळखत उन्हानं वाळून चहाच्या पावडरीसारखं झालेलं, आणि त्यातच केना, दुधी, कुठं कुठं टोमॅटोची रोपं छान उगवलेली. गांडूळखत काही ढिगासारखं तापत नाही, त्यामुळं त्यातलं तणाचं बी जिवंतच राहतं, आणि आपण त्याला चिपाडाची गादी घालून दिली. दोन महिने आणि चार पोती गेली. तण उपटत काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या खतानं गुलाब सोडून सगळं आलं बघ." काय बोलणार.

मग खुरपं घेऊन बसले. चिपाडाचा थर एका टोकाला उचलला तर तो सुटा सुटा आलाच नाही, घोंगडं गुंडाळावं तसा सलग उचलला गेला. खालच्या बाजूला पांढऱ्या बुरशीच्या जाळ्या, अळंबीचा वास. ही बुरशी वाईट नसते, काडीकचरा कुजवायचं काम तीच करते, पण वाळली की हा थर पाणी आत घेत नाही. काकांना पाइप धरायला लावला. पाणी चिपाडावरनं पसरलं, वॉलच्या कडेनं वाहिलं आणि फरशीवर आलं. वरचं चिपाड ओलं, आणि बोट खुपसून बघितलं तर दोन इंचांखाली माती कोरडी ठाक. म्हणजे ऑक्टोबरपासून काका रोज संध्याकाळी अर्धा तास फरशीला पाणी घालत होते!

मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "माती पार मेलीया बगा ही." मेली नव्हती, पण अवस्था तशीच.

नंतर तीन-चार साध्या चाचण्या केल्या. यातलं काहीच लॅबचं नाही, घरी कुणालाही जमेल.

फूटभर खोल खड्डा काढून पाण्यानं भरला, एकदा जिरू दिला, परत भरला आणि घड्याळ लावलं. जिरायला सात तास लागले. खड्ड्यातनं निघालेल्या मातीत पाचटाचे तुकडे जसेच्या तसे, तपकिरी, बोटानं दाबले तरी न तुटणारे, आणि गांडूळ एकही नाही. तिथं मला पिवळ्या पानांचं कोडं सुटलं. पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) फार कमी, कर्ब-नत्राचं गुणोत्तर शंभराच्या आसपास किंवा वरच असतं. नीट कुजायचं तर ते २५-३० ला एक असं लागतं. पाचट मातीच्या वर पडून राहिलं तर फक्त जिथं मातीला टेकतं तेवढ्या थरातलं नत्र ओढलं जातं, मुळांना फारसं कळत नाही. पण तेच कुदळीनं मुळांच्या थरात मिसळलं की कुजवणारे जिवाणू आपली भूक भागवायला आसपासच्या मातीतलं नत्र उचलतात आणि झाड उपाशी. त्यात आपला पावसाळा, जे काही विरघळलेलं होतं ते धुऊन खाली गेलं.

हे नत्राचंच हे कशावरून? नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. गुलाब, शेवंती दोन्हीकडं तसंच होतं. पण गेटजवळच्या मोगऱ्याचं उलटं होतं, तिथं शेंड्याची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ते लोहाचं लक्षण. मग त्या वाफ्यातली चिमूटभर माती बशीत घेऊन वर व्हिनेगर टाकलं तर सोडा-लिंबूसारखी फसफसली. काकांना आठवलं, कंपाउंड बांधताना गवंड्यांनी सिमेंटचा उरलेला माल तिथंच ओतला होता. आपल्या काळ्या मातीत चुनखडी तशीही असते, त्यात हे. अशा मातीत लोह असून नसल्यासारखं, झाडाला उचलता येत नाही.

म्हणजे एकाच घराच्या एकाच बागेत तीन वेगळे रोग: पाणी पोचत नाही, नत्र अडकलंय, आणि एका वाफ्यात चुना. आणि मी फोनवर तिन्हीला एकच औषध सांगून मोकळी झाले होते.

पर्याय

त्या दिवशी चहाला बसून बराच काथ्याकूट झाला. प्रत्येकाचं वेगळं मत होतं आणि खरं सांगायचं तर कुणाचंच पूर्ण चुकीचं नव्हतं.

मामांचं म्हणणं, सगळी माती काढून टाका आणि तांबडी माती भरा. नर्सरीवाले पण हेच सांगतात. पण २०० चौरस फूट, फूटभर खोल म्हणजे २०० घनफूट माती बाहेर काढायची, १४ गुलाब उपटायचे, आणि नवीन तांबड्या मातीतही सेंद्रिय काही नसतंच, वर्षभरात पाणी घालून घालून तीही विटेसारखी बसते. हे सोडलं.

दुसरा पर्याय म्हणजे कंपोस्ट आणून पुन्हा कुदळीनं खोल मिसळणं. नवीन वाफा करताना मी हेच करेन. पण इथं झाडं जागेवर होती, गुलाबाची खाणारी मुळं वरच्या सहा-आठ इंचातच असतात, आणि पुन्हा खांदलं की ते पाचट आणखी खोल जाणार.

काकांचा युरियाचा हट्ट. "मूठ मूठ टाकू, आठ दिवसांत हिरवं." मूठ नाही, पण युरियाला माझा तत्त्वतः विरोध नाही हेही सांगते, त्यावरनं ऑनलाइन लोक फार भांडतात. अडकलेलं नत्र सुटेपर्यंत झाडाला थोडा आधार द्यायला काहीच हरकत नाही. पण त्यानं पाणी जिरत नाही आणि माती मऊ होत नाही, म्हणजे हा पूल आहे, गाव नाही.

चौथं, शेजारच्यांनी सुचवलेलं, साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून राहिलेला गाळ. गळीत हंगाम चालू होता, ट्रॉलीनं मिळत होता. ताजा प्रेसमड वाफ्यात टाकायची चूक मी एकदा स्वतःच्या घरी केलेली आहे, तापतो, घाण वास मारतो, रोपं जळतात. नीट कुजवला तर उत्तम खत आहे, पण त्याला जागा लागते आणि शेजाऱ्यांचं मोठं मन लागतं.

आणि पाचवं, जे शेवटी केलं: मल्च बाजूला सारायचं, चांगलं पिकलेलं कंपोस्ट थेट मातीवर टाकायचं, न खांदता, आणि त्यावर पुन्हा पातळ मल्च. ऐकायला फारच साधं वाटतं. काकूंना पण वाटलं, "एवढंच?" आणि मामांना तर पटेचना, खांदल्याशिवाय खत मातीत जाणार कसं? मी म्हटलं, मामा, जंगलात कोण खांदतंय? ते म्हणाले, "जंगलात गुलाब कुटं असतोय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण काकूंनी माझ्या बाजूनं मत दिलं.

केलं काय

आधी चिपाडाची घोंगडी गुंडाळून ताडपत्रीवर काढली. मग दोन संध्याकाळी पाइप अगदी बारीक सोडून वाफे भिजवले, घाई केली की पुन्हा फरशीवर. तिसऱ्या दिवशी माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी झाली, तेव्हा मामांनी पहारीनं भोकं पाडली, झाडाच्या बुडापासून फूटभर लांब, साधारण फुटाफुटावर, आठ-नऊ इंच खोल, पहार घालून जराशी हलवायची आणि काढायची. वाफशाचं महत्त्व यासाठी की काळी माती चिखल असताना दाबली की वाळल्यावर दगड होते.

आता खत किती लागणार? २०० चौरस फुटांवर एक इंच म्हणजे साधारण १७ घनफूट, ४७० लिटर. पेंटच्या २० लिटरच्या बादल्यांनी मोजलं तर २४ बादल्या. काकूंच्या गच्चीवर भोकं पाडलेले दोन निळे ड्रम होते, स्वयंपाकघरातला ओला कचरा, वाळका पाला, देवघरातलं निर्माल्य. (निर्माल्यातले हाराचे दोरे काढा हो, सहा महिन्यांनीही तसेच निघतात. आणि रविवारच्या मटणाची हाडं ड्रममध्ये टाकायची नाहीत, काकांनी एकदा टाकली तर गल्लीतली सगळी मांजरं गच्चीवर.) वाळूच्या चाळणीनं चाळून निघालं १४ बादल्या. म्हणजे दहा कमी.

हा पहिला खरा निर्णय होता. सगळीकडं अर्धा-अर्धा इंच पसरायचं का कुठंतरी पूर्ण द्यायचं? काकूंना सगळ्यांना सारखं द्यायचं होतं, शिक्षिकाच त्या. मी म्हटलं गुलाबाच्या वाफ्याला पूर्ण नऊ बादल्या, उरलेल्या पाच गेटजवळच्याला (तिथं सहा लागत होत्या), आणि शेवंतीच्या वाफ्याला या वेळी खत नाहीच, फक्त पाणी आणि मल्च नीट करायचं. त्यात माझा छुपा हेतू असा की खतानं किती फरक पडतो आणि नुसत्या पाण्यानं किती, ते कळेल. काकूंना हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, थोड्या रागावल्या.

ड्रममधलं कंपोस्ट पिकलंय का हे आधी बघून घेतलं. ओली मूठ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवली, उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कच्चं. आला नाही, पावसानंतरच्या मातीसारखा आला. आणि एका कुंडीत हळीव टाकला, चार-पाच दिवसांत सगळीकडं सारखा उगवला. कच्च्या कंपोस्टमध्ये हळीव नीट येत नाही, मुळं तपकिरी पडतात.

पहारीच्या भोकात कंपोस्ट भरलं, बाकीचं वर पसरलं, बुडाला न टेकवता. त्यावर मल्च, पण आता दोनच इंच, आणि चिपाड अजिबात नाही. बदाम आणि आंब्याचा वाळका पाला काठीनं बडवून बारीक केलेला, थोडं कोयत्यानं तोडलेलं पाचट. प्रत्येक झाडाच्या बुडाशी चार बोटं जागा मोकळी, कारण ओलं मल्च खोडाला चिकटून राहिलं की साल कुजते. दोन गुलाबांची तशी कुजलेली होतीच, ते पुढं मेले.

पूल म्हणून शेंगदाण्याची पेंड दोन दिवस भिजवून, गाळून, दसपट पाण्यात, पंधरा दिवसांनी एकदा असं तीन वेळा तिन्ही वाफ्यांना. काकांच्या समाधानासाठी एकदा १० लिटर पाण्यात एक चहाचा चमचा युरिया पण दिला. मोगऱ्याला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, थोडं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारलं. मातीत टाकून उपयोग नव्हता, एवढ्या चुन्यात ते लगेच अडकतं. मातीतनं द्यायचं तर इडीडीएचए चिलेटवालं (चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं) लोह लागतं, साधं इडीटीएवालं चुनखडीच्या मातीत टिकत नाही. दुकानदार बहुतेक वेळा दुसरंच देतो, पाकिटावर वाचून घ्या.

जानेवारीतली शेणखताची ट्रॉली

इथं दुसरा निर्णय आला आणि तो आम्ही अर्धा चुकलो. कमी पडलेल्या खताची गोष्ट भावाच्या कानावर गेली आणि एका रविवारी सकाळी दारात शेणखताची अर्धी ट्रॉली उभी. माहेरचं खत, नको कसं म्हणायचं? मी हात घालून बघितला, आत गरम, शेणाचा वास तसाच, वैरणीच्या काड्या ओळखू येत होत्या. स्पष्ट कच्चं. मी म्हटलं मागं कोपऱ्यात ढीग करा, ओलं ठेवा, ताडपत्री टाका, मे महिन्यात वापरू. सगळे हो म्हणाले. पण मामांना शेवंतीच्या वाफ्याचं वाईट वाटत होतं, तिला काहीच मिळालं नव्हतं ना, म्हणून त्यांनी माझ्या माघारी तीन-चार बुट्ट्या तिथं टाकल्या.

पंधरा दिवसांनी शेवंतीची चार रोपं कोमेजली. उपटली तर हातात सहज आली, मुळं खाल्लेली. आणि मातीत पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली अळी. हुमणी! कोल्हापूरच्या ऊसवाल्या घरात हा शब्द उच्चारला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. ढीग उकरला तर त्यात तर डझनांनी. काका विषारी औषध आणायला गाडीची किल्ली घेऊन निघाले.

मी त्यांना दहा मिनिटं थांबवलं. ढिगातल्या सात-आठ अळ्या आणून पायरीच्या फरशीवर ठेवल्या आणि सगळे बघत बसलो. त्यातल्या बहुतेक उताण्या होऊन पाठीवर सरपटत निघाल्या, पाय आभाळाकडं. त्या हुमणी नव्हेत, कुजलेला कचरा खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या, खत करायला मदतच करतात. वाफ्यातनं निघालेल्या तीन मात्र कुशीवर वळून पडून राहिल्या, त्या खऱ्या. मग ढिगावर औषध टाकायचं रद्द झालं. शेवंतीचा वाफा हातानं वरवर उकरून आणखी पाच सापडल्या, त्या फरशीवर टाकल्या आणि साळुंक्यांनी पाच मिनिटांत हिशेब मिटवला. वळवाचा पाऊस झाल्यावर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, तेव्हा संध्याकाळी अंगणात दिव्याखाली पाण्याची घमेली ठेवली आणि मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी कंपोस्टमध्ये मिसळून वाफ्याला दिली.

त्या तीन-चार बुट्ट्या शेणखतातनंच हुमणी आली का आधीपासून मातीत होती हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मामांना मात्र कुणी काही बोललं नाही, ते स्वतःच आठवडाभर गप्प होते.

ते शेणखत मेपर्यंत दोनदा पालथं केलं, काळं भुसभुशीत झालं, आणि जूनच्या तोंडावर अर्धा इंच सगळ्या वाफ्यांना मल्चखाली गेलं. मल्चखालीच, कारण आपल्याकडचा पहिला जोराचा पाऊस उघडं खत सरळ गटारीत नेतो. जुलैत मल्च उलट आणखी पातळ केलं, शंखी गोगलगायी त्याखाली दडून बसायला लागल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये गुलाबाच्या छाटणीबरोबर परत अर्धा इंच.

निकाल

वर्ष झालं. त्याच ठिकाणी शेजारी तसाच खड्डा काढून पाणी भरलं, अडीच तासांत जिरलं. फूटभर मातीच्या ढेकळात नऊ गांडुळं मोजली, काकूंनी स्वतः, चष्मा लावून. पाचटाचे तुकडे जवळजवळ गायब. गुलाबाच्या वाफ्यात आता खुरपं मुठीपर्यंत जातं.

गुलाब १४ चे १२ राहिले. फरक पहिल्यांदा दिसला तो फेब्रुवारीत, नवीन फुटवे तांबूस आणि जाड आले. यंदा दिवाळीनंतर काकूंनी देवाची फुलं विकत आणणं बंद केलंय, एवढं पुरेसं आहे.

मला सगळ्यात शिकवून गेला तो शेवंतीचा वाफा. डिसेंबर ते जून त्याला कंपोस्ट नव्हतं (मामांच्या बुट्ट्या सोडून), फक्त चिपाड काढलं, पाणी आत जाऊ दिलं, पेंडेचं पाणी दिलं. आणि तरीही हुमणीनं नेलेली चार रोपं सोडली तर बाकीची मार्चपर्यंत बरीच सावरली. माझा अंदाज, निम्मा रोग पाण्याचाच होता. गुलाबाच्या वाफ्याइतकी माती मात्र मऊ झाली नाही, ती ऑक्टोबरनंतर व्हायला लागलीय, म्हणजे कंपोस्टचं काम वेगळं आणि सावकाशीचं.

मोगरा अजून पिवळट आहे. फवारला की महिनाभर बरा दिसतो, परत येरे माझ्या मागल्या. तिथं कंपोस्टनं थोडी मदत होईल पण सिमेंटचा माल कंपोस्टनं विरघळत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

फोनवर सल्ला देणार नाही. निदान व्हिडिओ कॉल करून मल्च उचलून दाखवायला सांगेन, पाच मिनिटांचं काम होतं आणि चार पोती वाचली असती.

क्रम बदलेन. आधी पाण्याचा खड्डा, मग बाकी सगळं. मी पानं बघून सुरुवात केली, आणि पानं बघितली की आपण लगेच खताकडंच पळतो.

शेवंतीच्या वाफ्याला मुद्दाम उपाशी ठेवायचं ते आधी सगळ्यांना सांगून करेन, मामांना पण. त्यांना कारण माहीत असतं तर कच्चं शेणखत तिथं गेलंच नसतं, त्यांना नुसतं "नको" सांगितलं होतं.

कच्चं खत दारात आलं तर घ्यायचंच, माहेरचं आहे, पण त्याचा ढीग वाफ्यापासून लांब आणि ताबा काकूंकडं.

चिपाडाबद्दल माझं मत अजून पूर्ण झालेलं नाही. पाचट सलग दोन वर्षं चाललं, चिपाडाची घोंगडी झाली, पण ते पाच-सहा इंच जाड होतं, दीड इंच आणि पाल्यात मिसळून घातलं असतं तर कदाचित चाललंही असतं. ताडपत्रीवर काढलेलं सगळं चिपाड आम्ही शेणाचा काला शिंपडत मागच्या खड्ड्यात भरलं, मेमध्ये उघडून बघणार आहोत. गेटजवळ मोगऱ्याखालचा माल पहारीनं फोडून काढायचं पण तेव्हाच ठरलंय, मामा म्हणतात पावसाच्या आधी, काका म्हणतात आधी बिल्डरला फोन लावतो.